युद्धोत्तर भूमी आणि प्रवाशाची दृष्टी : पंडिता रमाबाईंचे अमेरिका-वृत्त आणि वऱ्हाडचा कापूस

प्रस्तावना

एखादा देश युद्धातून गेला, की त्याच्याविषयी बाहेरच्या माणसाच्या मनात एक चित्र तयार होते. कोणाला तो उद्ध्वस्त वाटतो, तर कोणाला त्या रक्तपाताने शुद्ध झालेला वाटतो. प्रत्यक्ष प्रवास केल्यानंतर या चित्राचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा असा आहे. कारण प्रवासवृत्त हे ज्या देशाविषयी लिहिलेले असते त्या देशाचे साधन असतेच, पण लिहिणाऱ्याच्या समाजाचेही ते साधन असते. मराठीत या दृष्टीने वाचावा असा ग्रंथ म्हणजे पंडिता रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. तो १८८९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा तेथील यादवी युद्ध संपून जेमतेम एकवीस वर्षे झाली होती. युद्ध लढलेली पिढी हयात होती, तिच्या हाती संस्था होत्या आणि युद्धाने सोडवलेले व न सोडवलेले प्रश्न तसेच समोर उभे होते.

या ग्रंथाकडे आजवर बहुधा स्त्री-इतिहासाच्या आणि धर्मांतराच्या वादाच्या अंगाने पाहिले गेले. ते योग्यच होते. प्रस्तुत लेखात मात्र तो यवतमाळ जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या वणी जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. ज्या युद्धानंतरचा देश रमाबाईंनी पाहिला, त्या युद्धाने या जिल्ह्याची शेती बदलली. येथील कास्तकाराने ते युद्ध कधी पाहिले नाही, बहुधा त्याचे नावही ऐकले नसेल. पण त्याचा परिणाम त्याच्या वावरापर्यंत पोहोचला.

वऱ्हाड आणि दोन दूरची युद्धे

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठी. हीच फौज पुढे सर ह्यू रोज यांच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत सामील झाली. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली, त्या मोहिमेतील एका फौजेचा खर्च वऱ्हाडच्या महसुलाशी बांधलेला होता. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात १८५७-५८ चे वर्णन करताना येथे मोठा उठाव झाला नाही एवढेच सांगून पुढे जाण्याची पद्धत आहे. पण युद्धाशी एखाद्या प्रदेशाचा संबंध तेथे गोळी झाडली गेली तरच येतो असे नाही.

झाशीच्या त्या दिवसांचा मराठी साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे वृत्त त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहून काढले. चिंतामणराव वैद्य यांनी ते संस्कारित रूपात १९०७ मध्ये प्रसिद्ध केले आणि दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली संहिता १९६६ मध्ये आली. गोडसे भटजींच्या मनातील पूर्वग्रह साधा होता. उत्तर म्हणजे तीर्थे, यज्ञ आणि दानशूर संस्थानिक. त्यांच्या वाट्याला आली ती लूट, पायपीट आणि डोळ्यांदेखत झालेली कत्तल. परत येताना त्यांच्याजवळ दक्षिणा उरली नव्हती, आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड तेवढी होती. मात्र त्यांनी पाहिला तो युद्ध चालू असलेला प्रदेश. युद्धात सापडलेल्या माणसाला जीव वाचवण्याची घाई असते; समाज कसा चालतो हे न्याहाळायला त्याला उसंत नसते. युद्धोत्तर देश पाहणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. त्याच्यासमोर सर्व काही शांत असते, आणि ही शांतता कोणाची आहे हे त्याला ओळखावे लागते.

योगायोग असा, की झाशी पडली त्याच महिन्यात, २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीतील गंगामूळ येथे अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी रमाबाईंचा जन्म झाला.

दुसरे युद्ध त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाले. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेची उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थाने परस्परांविरुद्ध उभी ठाकली. या युद्धाला मराठीत ‘यादवी’ म्हणतात. प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपलेल्या यादवांची आठवण या शब्दात आहे आणि परभाषेतील कोणत्याही पर्यायापेक्षा तो अधिक बोलका आहे. चार वर्षांच्या या संघर्षात मेलेल्यांची संख्या दीर्घकाळ सहा लाख वीस हजारांच्या आसपास मानली जात असे. अलीकडचे अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातात. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. १८६२ मध्ये ब्रिटनमध्ये उतरलेल्या कापसात हिंदुस्थानी कापसाचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. ही मुंबईची कथा सर्वपरिचित आहे. वऱ्हाडची कथा तितकी सांगितली जात नाही.

अमरावतीच्या पेठेतून जाणारा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई. वणीकडील काळ्या जमिनीत बनी जातीचा कापूस आधीपासून होत होताच, पण तो बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरकडे किंवा किनाऱ्याकडे न्यावा लागे. १८६४ मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. तोच वणी जिल्हा आणि १९०५ पासूनचा यवतमाळ जिल्हा. १८६५ मध्ये पडीक जमिनीचे नियम झाले आणि ओसाड गावेच्या गावे इजाऱ्याने लागवडीस देण्यात आली. आजही जिल्ह्यात अनेक गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द लागतो. त्याचा उगम या काळात आहे, हे तेथे राहणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक हे कापूस आयुक्त नेमले गेले. पुढे खामगाव आणि अमरावतीपर्यंत शाखा टाकल्या गेल्या. कापूस वेगाने जाऊ लागला आणि बंजाऱ्यांचा पिढीजात व्यापार बसला. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांडे पुढे शेती व मजुरीकडे वळले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते.

या बदलाचे मूल्यमापन अभ्यासकांनी केले आहे. लक्ष्मण सत्या यांचा ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हा ग्रंथ (१९९७) आणि स्वेन बेकर्ट यांचा ‘एम्पायर ऑफ कॉटन’ (२०१४) हे दोन्ही वऱ्हाडच्या शेतीतील या वळणाला जागतिक बाजाराशी जोडतात. ज्वारीच्या जागी कापूस, सामायिक चराईच्या जागी लागवड, आणि खळ्यावरच्या देवघेवीच्या जागी सावकाराच्या वहीतील आकडा. भाव वर असताना हे कोणाला खुपले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ते उघड झाले.

फुल्यांची अर्पणपत्रिका

या युद्धाचा अर्थ महाराष्ट्रात सर्वप्रथम ज्यांनी स्वतःच्या समाजाच्या संदर्भात लावला ते जोतीराव फुले. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेली निःस्वार्थ निष्ठा हे त्याचे कारण. आपले देशबांधवही शूद्र बांधवांना दास्यातून सोडवताना तो आदर्श समोर ठेवतील अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली होती. फुले अमेरिकेला गेले नव्हते, जाण्याचा प्रश्नही नव्हता. त्यांच्यापुढे होती ती १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या घोषणेची आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीची अमेरिका.

फुल्यांना अमेरिका कळली नव्हती असे म्हणणे उथळपणाचे होईल. १८७३ मध्ये तेथे पुनर्रचनेचे पर्व चालू होते. दक्षिणेत मुक्त झालेले लोक मतदान करीत होते, विधिमंडळांत निवडून येत होते. अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हा ती आशा निराधार नव्हती. १८७७ मध्ये संघराज्याच्या फौजा दक्षिणेच्या राजकारणातून काढून घेण्यात आल्या आणि पुनर्रचना आवरली गेली. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक देणारा १८७५ चा कायदा घटनाबाह्य ठरवला. म्हणजे फुल्यांनी जी अमेरिका मनात धरली, ती रमाबाई पोहोचण्यापूर्वीच मागे सरकू लागली होती. मराठी विचारविश्वातील हे दोन दस्तऐवज, १८७३ ची अर्पणपत्रिका आणि १८८९ चे प्रवासवृत्त, एकमेकांशेजारी ठेवून फारसे वाचले गेलेले नाहीत. ते तसे वाचले पाहिजेत. फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवावी.

लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया

अमेरिकेला जाण्यापूर्वी रमाबाईंच्या आयुष्यात इतके प्रवास झाले होते की त्यांना नवखी प्रवासी म्हणता येत नाही. बालपणीच मातापित्यांबरोबर त्या तीर्थोतीर्थी पायी हिंडल्या. दुष्काळात आईवडील गेले. कलकत्त्यास पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयात अध्यापन केले, आणि चर्चच्या अधिकाराविषयी तेथील वडीलधाऱ्यांशी त्यांचे तीव्र मतभेदही झाले. अधिकार सांगणाऱ्या इंग्लंडमधून त्या निघाल्या होत्या, हे त्यांच्या अमेरिकेविषयीच्या अपेक्षा समजून घेताना विसरता कामा नये. राजा नसलेला, इंग्रजांचे राज्य झुगारून दिलेला देश ही त्या अपेक्षेची एक बाजू होती. दुसरी बाजू आनंदीबाई जोशी. त्यांच्या पदवीदानासाठी आलेल्या निमंत्रणावरूनच रमाबाई लहानग्या मनोरमेसह १८८६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलहून जहाजात बसल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या हजर होत्या.

लिव्हरपूलविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. अठराव्या शतकात हे बंदर गुलामांच्या व्यापारावर मोठे झाले. यादवीच्या काळात तेथील व्यापारी वर्गाची सहानुभूती बव्हंशी दक्षिणेकडे, म्हणजे गुलाम बाळगणाऱ्यांकडे होती, आणि दक्षिणेच्या आरमाराचे ‘अलाबामा’ हे जहाज समोरच्या बर्कनहेडला बांधले गेले. तेथेच ऊमरा कापसाच्या गठड्या उतरत होत्या. रमाबाई ज्या धक्क्यांवरून निघाल्या, त्या धक्क्यांशी गुलाम, अमेरिकी कापूस आणि वऱ्हाडी कापूस या तिन्हींचा हिशेब जोडलेला होता. रमाबाईंनी तसा तो मांडलेला नाही. त्यांच्या काळात तो मांडणे कोणालाही कठीणच होते.

थोड्या मुक्कामासाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियाहून निघाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तेथून त्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेल्या आणि १८८८ अखेर पॅसिफिकच्या मार्गाने निघून जपान, हाँगकाँग करीत १८८९ च्या प्रारंभी मुंबईत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे होत असताना, शारदा सदन उघडले. त्याच वर्षी ग्रंथही आला.

युद्धाने घडवलेल्या संस्था

ग्रंथाचे स्वरूप केवळ स्थलवर्णनाचे नाही. राज्यपद्धती, घरगुती चालीरीती, विद्या, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती असे विषय घेऊन त्यांवर सविस्तर लिहिलेले आहे. आरंभीच्या भागात अमेरिका खंडाला ‘पाताळ’ म्हटलेले आहे. हा शब्द वाचकाच्या मनातील पूर्वकल्पनेला हात घालतो. ज्या लोकाची पुराणात ऐकीव माहिती आहे, तो लोक आता मोजमाप आणि तपशिलासह समोर येतो. आश्चर्यकथेऐवजी माहिती देण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रवासवृत्तात विरळाच आढळते.

सर्वांत समृद्ध भाग स्त्रियांच्या स्थितीचा. तो वाचताना यादवी युद्धाचा इतिहास हाताशी ठेवावा लागतो, कारण रमाबाईंना भेटलेल्या बहुतेक संस्थांची मुळे तेथे आहेत. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशनने जखमी सैनिकांसाठी निधी, कपडे, औषधे आणि शुश्रूषा यांचे जाळे उभारले व हजारो स्त्रियांनी ते चालवले. हिशेब ठेवणे, सभा घेणे, शाखा काढणे, सरकारशी पत्रव्यवहार करणे ही कामे घरातील बाईला येतात, हे त्या समाजाला युद्धात कळले. क्लारा बार्टन युद्धभूमीवर काम करून पुढे १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना करतात. १८७४ मध्ये स्त्रियांची मद्यपाननिषेधक संघटना निघते आणि १८७९ पासून फ्रान्सिस विलर्ड तिच्या अध्यक्ष होतात. या संघटनेविषयी व विलर्डबाईंविषयी रमाबाईंनी मोठ्या आदराने लिहिले आहे. १८८८ च्या वसंतात वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत सुसान अँथनी, एलिझाबेथ स्टँटन यांच्यासारख्या दास्यविमोचनाच्या चळवळीतून आलेल्या स्त्रिया होत्या, आणि तेथे रमाबाईही बोलल्या.

येथे पूर्वकल्पनेतील पहिला मोठा बदल दिसतो. स्वातंत्र्य हा अमेरिकेच्या भूमीचा किंवा राज्यघटनेचा गुण आहे, असे इंग्लंडहून येणाऱ्या हिंदी स्त्रीस वाटणे स्वाभाविक होते. ग्रंथात मात्र ते माणसांनी, विशेषतः एकत्र येऊन काम करणाऱ्या स्त्रियांनी, वर्षानुवर्षे खटपट करून मिळवलेले दिसते, आणि तेही अपुरे. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. स्त्रियांना तो दिला नाही. या प्रश्नावर स्त्रियांच्या चळवळीतच १८६९ मध्ये फूट पडली होती. रमाबाई अमेरिकेत असतानाच, २८ ऑक्टोबर १८८६ रोजी, न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा मताधिकारवादी स्त्रियांनी बोटीतून निषेध नोंदवला. देवता स्त्रीची आणि मत मात्र पुरुषाला, हा त्यांचा आक्षेप होता.

कायदा आणि वागणूक

दुसरा बदल वर्णभेदाविषयीचा आहे आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. गुलामगिरी कायद्याने गेली, पण काळ्या लोकांकडे पाहण्याची नजर गेली नाही, हे रमाबाईंनी नोंदवले. खंडाच्या मूळ रहिवाशांना गोऱ्यांनी व त्यांच्या सरकारने दिलेल्या वागणुकीवरही त्यांनी कठोर टीका केली. त्यांच्या मुक्कामाच्या काळात हा विषय इतिहासजमा झालेला नव्हता. सप्टेंबर १८८६ मध्ये अपाची नेता जेरोनिमो शरण आला आणि १८८७ मध्ये मूळ रहिवाशांच्या सामायिक जमिनी तुकड्यांत वाटून टाकणारा डॉज कायदा झाला. यादवी संपली म्हणून देश ‘युद्धोत्तर’ झाला, असे या लोकांना म्हणता आले नसते. वूंडेड नीची कत्तल १८९० ची, रमाबाई परतल्यानंतरची.

ही टीका करणारी लेखिका जातिभेदाच्या समाजातून आलेली होती आणि शास्त्रांच्या अभ्यासाने त्याची आतील रचना तिला ठाऊक होती. परदेशी प्रवासी अशा ठिकाणी दोन चुका करतात. एक, आपल्याकडचे वाईट झाकण्यासाठी तिकडच्या वाइटाकडे बोट दाखवणे. दोन, तिकडचे सर्व आदर्श मानून तेथील अन्याय न पाहणे. रमाबाईंनी यांपैकी पहिली चूक केली नाही हे निःसंशय म्हणता येते. दुसरी त्यांनी पुष्कळ अंशी टाळली. पुष्कळ अंशी असे म्हणण्याचे कारण पुढे येते. मीरा कोसंबी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे या ग्रंथातील अमेरिकेच्या स्तुतीला इंग्रजी राज्याविषयीच्या असमाधानाचीही किनार आहे. अमेरिकेचे उदाहरण हे पारतंत्र्यातील वाचकाला उभारी देण्यासाठी आहे. त्यामुळे स्तुतीचा सूर काही ठिकाणी चढतो. हा दोष मानायचा की हेतूची अपरिहार्यता, याविषयी मतभेद होऊ शकतील. तरीही इतका बोधाचा हेतू असताना त्यांनी न आवडलेले लिहून ठेवले, याचे मोल अधिक वाटते.

न पाहिलेला दक्षिणभाग

प्रवाशाची दृष्टी त्याच्या यजमानांनी ठरते. रमाबाईंचे यजमान कोण होते? फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची स्थापना १८५० मध्ये क्वेकरांच्या पुढाकाराने झाली होती आणि क्वेकर हे गुलामगिरीचे जुने विरोधक. बॉस्टन हे विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या ‘लिबरेटर’ या पत्राचे शहर. रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल यांनी मुक्त गुलामांच्या साहाय्याच्या कार्यात भाग घेतलेला होता. म्हणजे रमाबाईंना युद्धाची जी स्मृती ऐकायला मिळाली ती जिंकलेल्या, आणि नैतिक दृष्ट्याही आपण जिंकलो असे मानणाऱ्या, उत्तरेची होती. हे लोक प्रामाणिक होते. शारदा सदन त्यांच्या पैशाने उभे राहिले. तथापि ग्रंथाचा पाया उत्तरेतील व पश्चिमेतील शहरे, शाळा, सभागृहे आणि संस्था हाच आहे. मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामा येथील कापसाची शेते त्यात जवळजवळ येत नाहीत.

त्या शेतांत १८८० च्या दशकात काय चालले होते? मुक्त झालेल्या कुटुंबांना जमीन मिळाली नव्हती. ती जुन्या मालकांच्याच जमिनीवर वाट्याने कापूस पिकवीत होती. बी, अवजारे आणि वर्षाचे धान्य दुकानदाराकडून उधार घ्यावे लागे आणि त्यासाठी उभे पीक गहाण पडे. हंगामाच्या शेवटी हिशेब झाला की बहुधा देणेच उरे. उधार देणाऱ्याला रोकड देणारे पीक हवे असे, म्हणून धान्याऐवजी कापूस लावावा लागे. कापूस अधिक झाला की भाव पडे. अनेक गरीब गोरे शेतकरीही याच चक्रात अडकले.

वणी जिल्ह्यातील कास्तकाराला हे वर्णन परके वाटले नसते. त्याच्याकडे जमिनीचा हक्क कागदोपत्री होता. रयतवारीने तो विकता किंवा गहाण टाकता येण्याजोगा केल्यामुळेच तो सावकाराकडे जाऊ शकला. दोन्ही ठिकाणचा कापूस एकाच बाजारात उतरे. युद्ध संपल्यावर अमेरिकी कापूस परत आला तेव्हा भाव उतरले आणि युद्धाच्या दिवसांत वाढवलेली लागवड व काढलेले कर्ज वऱ्हाडात मागे राहिले. जॉर्जियातील वाटेकरी आणि उमरखेड-वणीकडील कुणबी यांच्या नशिबाला एकच युद्ध आणि एकच बाजार बांधून होता, पण एकाला दुसऱ्याचे अस्तित्व माहीत नव्हते. दोघांनाही ओळखू शकेल असे शिक्षण, भाषा आणि सहानुभूती त्या काळच्या ज्या अगदी थोड्या व्यक्तींजवळ होती, त्यांत रमाबाई होत्या. त्यांचा मार्ग त्या बाजूने गेला नाही. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्या विधवांसाठी शाळा काढण्याकरिता निधी जमवीत होत्या. ग्रंथाची मर्यादा म्हणून मात्र ते नोंदवले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली पुण्याकडे आणल्या, तेव्हा कर्ज आणि पीक यांचे हे दुसरे टोक त्यांनी स्वतः पाहिले.

उलट दिशेचा प्रवास

अमेरिकेतून वऱ्हाडात लोक आले, आणि तेही त्याच युद्धाच्या पार्श्वभूमीतून. फ्री मेथॉडिस्ट हा पंथ १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला. त्याच्या नावातील ‘फ्री’ या शब्दात चर्चमधील बाके पैसे न घेता सर्वांना खुली असावीत या आग्रहाबरोबर गुलामगिरीला विरोधही अंतर्भूत होता. या पंथाच्या मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात यवतमाळला ठाणे केले. पुढे १९५३ मध्ये येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली; ती १९८३ मध्ये पुण्याला हलली. गुलामगिरीच्या प्रश्नावर जुन्या पंथातून बाहेर पडलेल्या लोकांचे वारस कापसाच्याच दुसऱ्या प्रदेशात आले, तेव्हा त्यांच्या पूर्वकल्पना कोणत्या होत्या व त्यांचे काय झाले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मिशनची साधने आणि जिल्ह्यातील महसुली दप्तर एकत्र ठेवून तो करता येईल. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम आवाक्यातील आहे.

रमाबाईंच्या ग्रंथाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. धर्मांतराच्या व शारदा सदनाच्या वादात लेखिकेची प्रतिमा महाराष्ट्रात इतकी झाकोळली, की हा ग्रंथ अनेक दशके फारसा कोणी उघडला नाही. २००३ मध्ये त्याची दोन इंग्रजी भाषांतरे निघाली. त्यांतील एक मीरा कोसंबी यांचे. ‘पाताळा’तील लोकांविषयी मराठीत लिहिलेले हे निरीक्षण त्या लोकांच्या हाती पडण्यास एकशेचौदा वर्षे लागली.